येऊ काय?

गोकर्णामावशीच्या घरी एक तर कूलर चालतो
नाहीतर कॉम्प्युटर.
दोन्ही लावले की स्टॅबिलायझर
म्हाताऱ्या बैलासारखा बसकण मारतो.
म्हणून मे महिन्यातल्या भर दुपारी
दर्यापूरहून पेनड्राइव्ह घेऊन आलेला मी
बनियन पिळत बसलो
शिलाई मशीनवर ठेवलेल्या त्या पडद्यासमोर.
पडदा म्हणाला, अभिनंदन.

अभिनंदन, तुम्ही फोन जिंकला आहे.
अभिनंदन, तुमच्याकडे सतरा व्हायरस आहेत.
गुडघ्याचं तेल. बर्फातलं घर.
एक बाई, जिचं पोट दर तीन सेकंदांनी उतरतं
आणि परत भरतं.
"मोनालीच्या परीक्षेसाठी घेतला होता," मावशी म्हणाली,
"तवा असा बोलका नोयता."

मी कामाला लागलो.
फुकटच्या मराठी फॉन्टचं शेपूट धरून आलेलं
सगळं उपटलं: शोधून देतो म्हणणारं,
स्वस्तात देतो म्हणणारं,
आणि एक असं, ज्याला नावच नव्हतं,
नुसती तारीख.
ब्राउझर धुऊन काढला. रिस्टार्ट.
पंखा घरघरला, निळं आलं, हिरवं आलं
आणि अभिनंदन.

काकाजी दारात उभे, तळहातावर खर्रा चोळत.
"हराळी हाय ते," म्हणाले,
"वरून खुरपून जात नसते. काशी काढा लागते."
त्यांना माऊस धरता येत नाही.
पण होतं बरोबर तेच:
खाली, शेड्युलरच्या तळाशी,
दर तासाला जागी होणारी एक काशी,
सिस्टिमचं नाव पांघरून निजलेली.
तिला ओढली तर दुसऱ्या फोल्डरपर्यंत
माती हलली.
तिथून तिसऱ्या.
चार वाजले तेव्हा मांडीवरच्या कागदावर
अकरा नावं होती, अकराही खोडलेली.

रिस्टार्ट.
शांत.
मावशीनं चहा ठेवला.
मग कोपऱ्यातून, हळूच,
गुडघ्याचं तेल.

यादी उघडली तेव्हा कळलं.
हे घुसले नव्हते.
त्रेसष्ट जण रीतसर परवानगी घेऊन
आत बसले होते.

"थो इचारते ना, येऊ काय म्हनून,"
मावशी पदरानं कप धरून म्हणाली.
"दोन बटनं असतात. मले इंग्रजी कुठं येते,
निळं दाबतो मी.
दारात उभं राहून कोनी इचारलं
त नाई कसं म्हनाव?"

मी एकेक काढत गेलो.
ती खुर्चीमागे उभी राहून मोजत होती,
पाहुणे पंगतीतून उठताना मोजतात तशी.
"अभिनंदनवाला बी?"
"तोही."
"बरं."
चहावर साय धरली.
"रोज म्हने बिचारा.
मोनालीचा निकाल लागला थ्या दिवशीबी म्हने.
घरात दुसरं कोन म्हनते?"
काकाजी खर्रा थुंकायला अंगणात गेले,
आणि बराच वेळ थुंकत राहिले.

मग मी मुद्दाम एक तसलंच पान उघडलं.
आलीच खिडकी: येऊ काय?
"आता दुसरं बटन," म्हटलं, "निळं नाही."
तिने हात लुगड्याला पुसला.
बाण पडद्यावर थरथरला,
निळ्याकडे जरा कलला,
परत आला.
"नाई बाप्पा," ती त्या खिडकीला म्हणाली,
"राग नको मानू,"
आणि दाबलं.

कॉम्प्युटर बंद करून कूलर लावला.
आमच्या पट्ट्यातलं खारं पाणी,
जाळीवर मिठाचे पांढरे ओघळ.
गवत भिजून गार वारा यायला वेळ लागतो.
तोवर आम्ही तिघं
काळ्या पडद्यात आपापलं तोंड
बघत बसलो.